तागावरील ठिपकेदार पतंग : ओळख, जीवनक्रम व बंदोबस्त

मृगाच्या पावसावर पेरलेला ताग श्रावणात कमरेइतका उंच झाला, म्हणजे त्या शेतातून चालताना एक लहानसा पांढुरका पतंग वारंवार दृष्टीस पडतो. माणसाची चाहूल लागताच तो उठतो, चार-सहा हात अंतर आळसटपणे उडतो आणि पुन्हा एखाद्या पानावर अथवा गवताच्या काडीवर जाऊन बसतो. जवळ जाऊन पाहिल्यास त्याच्या पंखांवर कुंकवाचे बोट टेकवावे तसे तांबडे ठिपके आणि त्यांच्या मधून मधून काजळाचे काळे ठिपके दिसतात. मुले तो हौसेने पकडतात, आणि मोठी माणसे फुलपाखरू समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. पुढे बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या शेंगांना भोके पडलेली व आतील दाणे फस्त झालेले आढळतात. परंतु श्रावणातील त्या सुंदर पतंगाचा आणि या रिकाम्या शेंगांचा काही संबंध आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

ताग म्हणजे येथे बोरू अथवा सनताग समजावा. ज्यापासून गोणपाट होते तो ज्यूट निराळा. हिरवळीच्या खतासाठी बोरूसारखे पीक दुसरे क्वचितच असेल. परंतु त्याचे बी वेळेवर व पुरेसे मिळाले तरच हे खत शेतकऱ्याच्या आवाक्यात राहते. म्हणून बी खाणाऱ्या या किडीची नीट ओळख गावपातळीवरील कार्यकर्त्यास व शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे. तिचा भडक रंग कशासाठी आहे हे एकदा समजले, म्हणजे तिचा बंदोबस्त कोणी, केव्हा व कसा करावयाचा हेही आपोआप उलगडते.

पतंगाची ओळख

या पतंगाचे शास्त्रीय नाव युटेथेसा पुल्केला असे आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली त्याची नोंद केली. पुल्केला या लॅटिन शब्दाचा अर्थ सुंदर, गोजिरवाणा असा आहे. जुन्या पुस्तकांत हा पतंग आर्क्टिइडी या स्वतंत्र कुळात घातलेला आढळतो. आता ते एरेबिडी या मोठ्या कुळाचे उपकूळ मानले जाते. या उपकुळातील बहुतेक अळ्या केसाळ असतात.

पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर भरते. पुढचे पंख दुधी किंवा फिकट पिवळसर असून त्यांवर तांबड्या व काळ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात. मागचे पंख पांढरे असून त्यांच्या कडेला वेडावाकडा काळा पट्टा असतो. बसताना तो पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो, त्यामुळे लांबट काडीसारखा दिसतो. बहुतेक पतंग रात्री उडतात. हा रात्री दिव्यावर येतो, तसाच दिवसाही उडतो.

या पतंगाचा संचार फार मोठा आहे. भूमध्य समुद्राभोवतीचे देश, आफ्रिका, पश्चिम आशिया व भारत एवढ्या विस्तृत मुलखात तो आढळतो. तो वाऱ्याबरोबर लांबवर प्रवास करतो, आणि काही वर्षी तर इंग्लंडपर्यंत जाऊन पोहोचतो. तेव्हा एका शेतातील पतंग मारले म्हणजे कीड कायमची गेली, असे समजण्यात अर्थ नाही.

जीवनक्रम

सर्व पतंगांप्रमाणे याच्याही आयुष्याच्या चार अवस्था आहेत : अंडी, अळी, कोष व पतंग. मादी तागाच्या कोवळ्या पानांवर बारीक, गोल, फिकट रंगाची अंडी सुटी अथवा लहान पुंजक्यांनी घालते. थोड्याच दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात व प्रथम पानाचा हिरवा भाग खरवडून खातात. मोठ्या झाल्यावर त्या पानांना भोके पाडतात, आणि शेंगा धरू लागल्या की शेंगांकडे वळतात.

पूर्ण वाढलेली अळी सुमारे ३ सेंटिमीटर लांब असते. तिचे अंग काळसर असून पाठीवर व दोन्ही कुशींवर पांढरे पट्टे, प्रत्येक वळ्यावर नारिंगी-तांबडे डाग आणि अंगभर विरळ केसांचे झुबके असतात. डोके तांबूस तपकिरी असते. ही अळी लपून राहण्याची खटपट करीत नाही; भर उन्हात पानावर किंवा शेंगेवर उघडी बसलेली आढळते. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण तिचा उलगडा पुढे होणार आहे.

वाढ पुरी होताच अळी पानांच्या घडीत, जमिनीवरील पालापाचोळ्यात अथवा मातीच्या भेगेत जाते आणि रेशमाचे पातळ आवरण विणून आत तांबूस तपकिरी कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा काळ हवामानावर अवलंबून असतो. उबदार हवेत साधारणपणे पाच-सहा आठवड्यांत एक पिढी पुरी होते. या किडीस दीर्घ विश्रांतीचा काळ नसतो. एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या होत राहतात, आणि एकाच शेतात अंडी, अळ्या, कोष व पतंग ही सर्व एका वेळी सापडू शकतात.

शेतात ताग नसतो तेव्हा ही कीड रानटी वनस्पतींवर जगते. त्यांत तागाच्याच वंशातील खुळखुळा ही प्रमुख होय. तळ्याच्या व नदीच्या आटलेल्या पात्रात उगवणारी भुरुंडी हीही तिला चालते. खुळखुळा शेंगवर्गातील व भुरुंडी अगदी वेगळ्या कुळातील. मग एकच अळी दोन्हींवर का वाढते? या प्रश्नाचे उत्तर त्या वनस्पतींच्या विषात आहे.

भडक रंगाचे कारण

निसर्गात दुबळ्या प्राण्यास वाचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला लपण्याचा. हरभऱ्यावरील हिरवी घाटे अळी पानांच्या रंगात मिसळून जाते. दुसरा मार्ग याच्या अगदी उलट, म्हणजे स्वतःस ठळकपणे दाखविण्याचा. ज्याच्या अंगी विष आहे, त्याने ते लपविण्यापेक्षा जाहीर करणे अधिक फायद्याचे ठरते. एकदा तोंड पोळलेला पक्षी तो रंग विसरत नाही व पुन्हा तशा किड्याच्या वाटेस जात नाही. रुईवर वाढणारी केशरी-काळी फुलपाखरे याच कारणाने भडक असतात. तागावरील हा पतंगही त्यांच्याच पंक्तीतला आहे.

ताग, खुळखुळा व भुरुंडी या वनस्पतींत पायरोलिझिडीन वर्गातील अल्कलॉइडे असतात. ही द्रव्ये गुरांच्या व माणसांच्या यकृतास घातक आहेत. वनस्पतीने ती स्वतःच्या रक्षणासाठी निर्माण केलेली असतात. परंतु या अळीने त्या हत्याराचाच उपयोग करून घेतला आहे. या उपकुळातील अशा अळ्यांच्या शरीरात एक विकर असते. ते या विषाचे अशा रूपात परिवर्तन करते, की अळीस त्याची बाधा होत नाही. मात्र तिला खाणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात ते पुन्हा मूळ विषारी रूप धारण करू शकते. अळीने साठविलेले हे द्रव्य कोषात व कोषातून पतंगात जसेच्या तसे उतरते.

याच वंशातील युटेथेसा ऑर्नॅट्रिक्स ही जात अमेरिकेत आढळते. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस आयस्नर व जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह, विशेषतः फ्लॉरिडा राज्यात, तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांस असे आढळून आले, की हा पतंग मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात अडकला असता कोळी त्याला चाचपून पाहतो आणि भोवतीचे तंतू स्वतःच तोडून त्यास मोकळा करतो. याउलट, विषरहित खाद्यावर वाढविलेले पतंग जाळ्यात टाकले, तर कोळी ते खाऊन टाकतो. म्हणजे पतंगाचे रक्षण रंग करीत नसून विष करते. रंग ही केवळ त्या विषाची पाटी होय.

त्याहूनही नवलाची गोष्ट प्रजननाची आहे. नराच्या पोटाच्या टोकाशी केसांचे दोन कुंचले असतात, आणि त्यांस याच अल्कलॉइडापासून तयार झालेला गंध येतो. ज्याच्या अंगी विषाचा साठा अधिक, त्याचा गंधही अधिक. मादी अशा नराची निवड करते. मीलनाच्या वेळी नर आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांशापर्यंत भरणारी बीजपिशवी मादीस देतो व तिच्याबरोबर विषाचा काही भागही देतो. मादी आपले व नराचे विष अंड्यांत उतरविते, आणि त्यामुळे अंडीही सुरक्षित राहतात. क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या अशी अंडी चाखून टाकून देतात, असे प्रयोगांत दिसले. याच अभ्यासात बियांचे महत्त्वही स्पष्ट झाले. पानांपेक्षा बियांत हे द्रव्य अधिक असल्यामुळे अळी शेंगा पोखरून बियांपर्यंत जाते. म्हणजे अळी बियांकडे वळते ती केवळ पोट भरण्यासाठी नव्हे, तर आपल्या रक्षणाची शिदोरी जमविण्यासाठीही वळते.

यावरून शेतकऱ्यास एक व्यावहारिक धडा मिळतो. घाटे अळी पक्षी वेचून खातात, म्हणून हरभऱ्यात पक्ष्यांना बसण्यासाठी मचाणे उभारण्याचा सल्ला दिला जातो. तागावरील या अळीच्या बाबतीत पक्ष्यांकडून तशी मदत मिळण्याची आशा धरू नये. काही परोपजीवी माश्या व लहान गांधीलमाश्या हिच्यावर वाढतात, हे खरे. परंतु वेचणीचे जे काम इतर पिकांत पक्षी करतात, ते येथे माणसाच्या हातांनीच करावे लागते. सुदैवाने जो भडक रंग पक्ष्यास दूर ठेवतो, तोच माणसास अळी शोधून देतो.

नुकसान कोणत्या पिकात महत्त्वाचे

ताग तीन हेतूंनी पेरला जातो, आणि किडीचे महत्त्व त्या हेतूनुसार बदलते.

हिरवळीच्या खतासाठी पेरलेले पीक फुलावर येताच, म्हणजे सुमारे ६ ते ८ आठवड्यांनी, गाडावयाचे असते. त्यातील काही पाने अळ्यांनी खाल्ली तरी फारसे बिघडत नाही. पाने काय व अळ्या काय, अखेर सर्व मातीतच जावयाचे असते. अशा पिकावर औषधासाठी पैसा खर्च करणे व्यर्थ होय.

वाखासाठी घेतलेल्या पिकात रोपे लहान असताना अळ्या फार झाल्या, तर वाढ खुंटते व वाखाची लांबी कमी होते. पीक डोक्याइतके वाढल्यावर पाने खाण्याने होणारे नुकसान थोडे असते.

खरे नुकसान बियाण्याच्या पिकात होते. तागाची शेंग फुगीर असते व आत दाणे सुटे राहतात. एक अळी एका शेंगेतील दाणे खाऊन दुसऱ्या शेंगेकडे जाते. बाहेरून शेंग उभी दिसते, परंतु मळणीच्या वेळी तिच्यातून दाण्याऐवजी विष्ठेचा भुगा निघतो. ज्या शेतकऱ्याने पुढील वर्षाच्या हिरवळीसाठी बांधालगतचे चार वाफे राखून ठेवलेले असतात, त्याचे पुढील वर्षाचे खतच या अळीने खाल्ल्यासारखे होते.

इतर अळ्यांशी हिची गल्लत करू नये. बिहारी केसाळ अळी अंडी मोठ्या पुंजक्याने घालणाऱ्या पतंगाची असून तिची पिल्ले एकाच पानावर थव्याने राहतात व पान कागदासारखे जाळीदार करतात. शेंडा पोखरणारी अळी खोडात शिरते, आणि त्या ठिकाणी खोडास गाठ येते. ठिपकेदार पतंगाची अळी मात्र विखुरलेली व उघड्यावर असते, आणि तिच्या अंगावरील पांढरे पट्टे व नारिंगी डाग ओळखू येण्याजोगे असतात.

बंदोबस्त

१. हिरवळीचा ताग वेळेवर गाडावा. पतंगाची एक पिढी पाच-सहा आठवड्यांत पुरी होते. गाडणी लांबली, तर अळ्या कोषावस्थेत जातात व त्यांतून निघालेले पतंग शेजारच्या बियाण्याच्या पिकावर जाऊन अंडी घालतात. फुलावर येताच पीक खोल गाडल्यास खत चांगले कुजते व किडीची पुढील पिढीही तेथेच अडते.

२. बियाण्याचा तुकडा हिरवळीच्या तागापासून होईल तितका दूर ठेवावा. त्याच्या बांधावरील खुळखुळा शेंगा धरण्यापूर्वी उपटून टाकावा.

३. फुलोऱ्यापासून शेंगा पिकेपर्यंत दर चार-पाच दिवसांनी बियाण्याच्या पिकाची पाहणी करावी. शेताच्या चार कोपऱ्यांतील व मधील काही झाडे घेऊन त्यांवरील अळ्या व भोके पडलेल्या शेंगा मोजाव्या, आणि आकडे वहीत मांडून ठेवावे. मागील पाहणीपेक्षा आकडा वाढत आहे किंवा कसे, यावरून पुढील निर्णय घेणे सोपे जाते.

४. दिसतील त्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्या. लहान तुकड्यात हा उपाय स्वस्त व खात्रीचा आहे. वेचणाऱ्याने हाताला फडके गुंडाळावे व काम संपताच हात स्वच्छ धुवावे. वेचलेल्या अळ्या कोंबड्यांस घालू नयेत. अळ्यांच्या अंगी असलेल्या विषाचे कारण वर आलेच आहे.

५. लहान अळ्या फार असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलोग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी तो अर्क फडक्यातून गाळून घ्यावा, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे व एकंदर द्रावण १०० लिटर करावे.

६. फुलोऱ्यात जहाल कीटकनाशक फवारू नये. तागाचे फूल स्वतःच्या परागाने चांगलेसे फळत नाही. जाड, वजनदार भुंगे फुलावर बसून पाकळ्या दाबतात, तेव्हाच परागसिंचन होते. फवाऱ्याने भुंगे मेले, तर अळी नसूनही शेंगा धरणार नाहीत. शेतकऱ्याने बी वाचविण्यासाठी केलेला खर्च बी होऊच न देण्यास कारण व्हावा, यापरते दुर्दैव कोणते? फवारणी करणे भागच पडले, तर ती कृषी विद्यापीठाच्या अथवा कृषी विभागाच्या चालू शिफारशीप्रमाणे व भुंगे फिरकत नाहीत अशा संध्याकाळच्या वेळी करावी.

७. मळणी झाल्यावर शेतातील पालापाचोळा गोळा करून खतखड्ड्यात दाबावा व जमीन नांगरावी. त्यामुळे पाचोळ्यातील व भेगांतील पुष्कळ कोष नष्ट होतात.

बियांविषयी सावधगिरी

पतंगाने आपल्या पंखांवर लावलेली पाटी माणसासही वाचता आली पाहिजे. ज्या बिया खाऊन अळी विषारी होते, त्या बिया गुरांच्या व माणसांच्या पोटात जाऊ देणे धोक्याचे आहे. १९७५ साली सरगुजा जिल्ह्यात (तेव्हाचा मध्य प्रदेश, आताचे छत्तीसगड) यकृताच्या रोगाची मोठी साथ आली. लोकांच्या पोटात पाणी साठू लागले व अनेक जण दगावले. शोध केला असता, खाण्यातील गोंडली या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या रानटी वनस्पतीचे बी मिसळलेले आढळले. तीत याच वर्गातील अल्कलॉइडे होती. हे विष एकदम मारीत नाही. थोडे थोडे पोटात जाऊन आठवड्यांनी अथवा महिन्यांनी परिणाम दाखविते. म्हणूनच त्याचे कारण लवकर लक्षात येत नाही.

यास्तव ताग मळलेल्या खळ्यावर धान्य मळण्यापूर्वी खळे झाडून काढावे. तागाच्या बियांची चाळण व फुटके दाणे आंबोणात मिसळू नयेत. घोडा, डुक्कर व कोंबडी यांस हे विष विशेष बाधते. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने अधिक तग धरतात, परंतु म्हणून त्यांस बी घालावे असे नव्हे. बियाण्याची पोती धान्यापासून वेगळी ठेवावी व त्यांवर ठळक खूण करावी.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा विषय केवळ सांगून न थांबता दाखवावा. दोन-तीन अळ्या पकडून बाटलीतील पाण्यात ठेवलेल्या तागाच्या डहाळीवर सोडाव्या. बाटलीच्या तोंडाशी कापूस बसवावा, म्हणजे अळ्या पाण्यात पडणार नाहीत. वरून कंदिलाची काच ठेवून तिचे तोंड तलम फडक्याने बांधावे. रोज ताजी पाने व हिरव्या शेंगा घालाव्या, आणि तारीखवार नोंद ठेवावी. अळीने शेंग केव्हा पोखरली, कोष केव्हा झाला व पतंग केव्हा निघाला, हे शाळेतील मुलांकडून लिहवून घ्यावे. ज्या शेतकऱ्याने तो ठिपकेदार पतंग आपल्याच शेतातील अळीच्या कोषातून बाहेर पडताना एकदा पाहिला, त्यास पुढे श्रावणात निराळे सांगावे लागत नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. ठिपकेदार पतंगाची अळी उघड्यावर का बसते? घाटे अळी तशी का बसत नाही?
२. हिरवळीच्या तागावर अळ्या दिसल्यास फवारणी का करू नये?
३. हिरवळीचा ताग गाडण्यास उशीर झाल्यास शेजारच्या बियाण्याच्या पिकाचे नुकसान कसे होते?
४. तागाच्या फुलोऱ्यात भुंग्यांचे रक्षण का करावे?
५. तागाच्या बियांची चाळण गुरांच्या आंबोणात का मिसळू नये?